रोग्याचा वकील

१९५३ सालच्या मे महिन्याची सहावी तारीख. रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत या गांवीं, समुद्रकांठच्या वाळूंत, वीस वर्षांच्या एका तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. गांवच्या डॉक्टरांनीं लांकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला, आणि मागाहून मुलाला मोटारीनें पुण्यास हलविण्यांत आलें. ९ मे रोजीं तेथील एका शल्यचिकित्सकांच्या रुग्णालयांत तो दाखल झाला. क्ष-किरणांनीं छायाचित्रें घेण्यांत आलीं, मॉर्फियाची एक सुई टोंचण्यांत आली, दुपारीं त्याला शस्त्रक्रियेच्या खोलींत नेऊन पायाला प्लास्टर घालण्यांत आलें. संध्याकाळीं साडेसहाच्या सुमारास त्याला श्वास घेणें जड जाऊं लागलें. रात्रीं नऊच्या सुमारास तो वारला.

मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. मोडलेल्या पायाला ताण कसा देतात, भूल केव्हां द्यावी लागते, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. त्यांनीं दावा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं, मुलाला भूल न देतांच, तीन मदतनिसांकरवीं नको तितका जोर लावून हाड ओढण्यांत आलें, आणि त्या धक्क्यानें तो दगावला. शल्यचिकित्सकांचें उत्तर असें कीं, हाड बसविण्याचें काम आपण पुढें ढकललें होतें. केवळ हलका ताण देऊन प्लास्टर घातलें. मृत्यु आला तो हाडांतील चरबीचे कण रक्तांत शिरून अडकल्यामुळें. मांडीचें हाड मोडल्यावर अशी आपत्ति खरोखरच ओढवूं शकते. तेव्हां हा बचाव हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. परंतु न्यायालयांना तो पटला नाहीं. खालच्या कोर्टानें ३,००० रुपये भरपाई ठरविली, उच्च न्यायालयानें ती कायम केली, आणि २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डॉक्टरांचें अपील फेटाळलें. मुलाच्या मृत्यूला पंधरा वर्षें पुरीं होण्यास सात दिवस उरले होते.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात, आणि तीन हजारांसाठीं पंधरा वर्षें हा हिशेब ऐकून श्रोत्यांपैकीं पुष्कळांना ती म्हण आठवली असेल. पण येथें विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. या दाव्यांतील वादी स्वतः वैद्यकशास्त्र जाणत होता, रुग्णालयांत हजर होता, कोणता प्रश्न विचारावयाचा हें त्याला ठाऊक होतें. आणि तरीहि इतका काळ लागला. मग ज्या बाईला ‘ऑपरेशन झालें’ एवढेंच ठाऊक आहे, जिला दाराबाहेरच्या बांकावर बसवून ठेवलें होतें, तिनें काय करावें? तिच्या वतीनें उभा राहणारा जो वकील, त्याच्या व्यवसायाची हकीकत म्हणूनच ऐकण्यासारखी आहे. जमिनीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांना शेताचा बांध दिसत असतो. देण्याघेण्याच्या दाव्यांत दोघांच्याहि वह्या असतात. या एका प्रकारच्या दाव्यांत मात्र जें घडलें तें वादीला ठाऊकच नसतें. तो शुद्धीवर नव्हता, किंवा आतां हयात नाहीं. जें घडलें तें सगळें प्रतिपक्षाच्या डोक्यांत आणि प्रतिपक्षाच्या कपाटांत असतें.

अशा वकिलाच्या दारीं येणारा मनुष्य आरंभीं घटना सांगत नाहीं, अपमान सांगतो. रात्रभर कोणी फिरकलें नाहीं, मोठे डॉक्टर दोन शब्द बोलले नाहींत, बिल चुकतें केल्याखेरीज प्रेत ताब्यांत दिलें नाहीं. हें सर्व खरें असूं शकतें, आणि त्यांतील कांहींहि चुकीच्या उपचाराचा पुरावा नसूं शकतो. नवखा वकील त्या दुःखानें हेलावून तेथल्या तेथें नोटिसीचा मसुदा करावयास बसतो. मुरलेला वकील पाणी देतो, ऐकून घेतो आणि कागद मागतो. दाखल करतांना लिहिलेली हकीकत, तापाचा तक्ता, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, संमतिपत्र, परिचारिकांची टिपणें, औषधांच्या दुकानाच्या पावत्या. यांतील परिचारिकांच्या टिपणांवर त्याचा विशेष भर असतो. तीं तासातासाला, कामाच्या घाईंत, कोर्टाचें नांवहि मनांत नसतांना लिहिलेलीं असतात. उलट उपचाराचा सारांश रोगी गेल्यानंतर, निवांतपणें, एका बैठकींत लिहिला जातो. पहांटे चार वाजतां नाडी किती होती आणि डॉक्टरांना निरोप केव्हां गेला, या दोन आंकड्यांमध्यें कित्येकदां सबंध दावा मावलेला असतो.

पूर्वी हे कागद मिळणें हेंच दिव्य होतें. ते गोपनीय आहेत, असें सांगून रोग्याच्याच आप्तांना परत पाठविलें जाई. जणूं रोग्याचें गुपित रोग्यापासूनच राखावयाचें होतें! १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हा पडदा दूर सारला आणि रोग्याला व त्याच्या आप्तांना कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत असें ठरविलें. पुढें २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत, मागणी केल्यापासून बहात्तर तासांच्या आंत कागद द्यावेत आणि रुग्णालयांत राहिलेल्या रोग्याचे कागद तीन वर्षें जपून ठेवावेत, असें स्पष्ट लिहिलें गेलें. भरपाईच्या मोठमोठ्या आंकड्यांची वर्तमानपत्रांतून चर्चा होते. परंतु रोग्याच्या वकिलाचें काम ज्यामुळें खरोखर बदललें, त्यांत या साध्या कलमाचा वांटा मोठा आहे.

कागद हातीं आले म्हणजे त्यानें तीन गोष्टी दाखवावयाच्या असतात: डॉक्टरांवर काळजी घेण्याचें कर्तव्य होतें, तें त्यांनीं मोडलें, आणि तें मोडल्यामुळेंच ही हानि झाली. पालशेतच्या दाव्यांतच सर्वोच्च न्यायालयानें त्या कर्तव्याची फोड करून दिली आहे. रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना, कोणता उपचार करावा हें ठरवितांना, आणि तो उपचार प्रत्यक्ष करतांना, असें तीन ठिकाणीं डॉक्टरांनीं काळजी घेतली पाहिजे. ती काळजी धन्वंतरीची अपेक्षित नाहीं आणि अडाण्याचीहि चालणार नाहीं. बेताच्या कुशल माणसाची पुरे.

बेताच्या कुशल माणसाची, परंतु कोणत्या काळांतल्या? इंग्लंडांत १९४७ सालीं एकाच रुग्णालयांत, एकाच दिवशीं, दोन रोग्यांना पाठीच्या कण्यांत टोंचून भूल देण्यांत आली आणि दोघेहि कमरेपासून खालीं कायमचे लुळे झाले. औषधाच्या कांचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या द्रावणांत बुडवून ठेवीत असत. कांचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा गेल्या होत्या आणि त्यांतून तें विष आंत झिरपलें होतें. दावा १९५४ सालीं अपील न्यायालयापुढें आला आणि रोगी हरले. अशा चिरा पडूं शकतात हें १९४७ सालीं कोणालाच ठाऊक नव्हतें. मागाहून मिळालेल्या ज्ञानाचा चष्मा लावून आधींच्या घटनेकडे पाहतां येणार नाहीं, असें न्यायमूर्ति डेनिंग यांनीं बजावलें. हा निकाल रोग्याच्या वकिलाला कडू वाटतो, पण तो विसरून त्याला चालत नाहीं. तीन वर्षांनीं, १९५७ च्या बोलम खटल्यांत, त्या देशांत आणखी एक कसोटी ठरली. एखादी रीति त्या विषयांतील जाणत्या डॉक्टरांच्या एका जबाबदार वर्गाला मान्य असेल, तर दुसऱ्या वर्गाला ती अमान्य आहे एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाहीं. आपल्या न्यायालयांनींहि ही कसोटी उचलली. तिचा परिणाम असा कीं, डॉक्टर चुकला हें दाखविण्यासाठीं दुसरा डॉक्टर लागतो.

आणि तो दुसरा डॉक्टर मिळत नाहीं. वकिलाच्या बैठकींत, दार लोटून, पेला समोर ठेवून तो सांगतो, “हें असें व्हावयास नको होतें.” साक्षीला याल का, असें विचारतांच त्याला घड्याळ आठवतें. त्याला सर्वस्वीं दोष देणेंहि बरें नव्हे. ज्या शहरांत त्याला उद्यां रोगी पाठवावयाचे आणि घ्यावयाचे आहेत, त्याच शहरांतील समव्यवसायी माणसाविरुद्ध पिंजऱ्यांत उभें राहणें ही सोपी गोष्ट नाहीं. म्हणून या व्यवसायांतील वकिलाला उतारवयांत विद्यार्थी व्हावें लागतें. शल्यक्रियेचे ग्रंथ, औषधांच्या मात्रा, रक्ताच्या तपासण्या, सगळें त्याला स्वतः वाचावें लागतें. कारण उलटतपासणींत प्रतिपक्षाच्याच डॉक्टरांकडून त्यांच्याच ग्रंथाच्या आधारें कबुली मिळवावयाची असते. या कामीं आवाज चढविणारा वकील हरतो. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें थोडी वाट मोकळी केली. हिंवतापाच्या रोग्याला विषमज्वराचे उपचार दिले गेल्याचा तो दावा होता. चूक उघड दिसत असेल तेथें प्रत्येक वेळीं तज्ज्ञाची साक्ष हवीच असें नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें.

चूक उघड दिसणें म्हणजे काय, याचें याहून विदारक उदाहरण आपल्याच प्रांतांतलें आहे. औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयांत १० जुलै १९६३ रोजीं एक स्त्री बाळंत झाली. मुलगा झाला. १३ तारखेला तिची संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यांत आली. नंतर तिला ताप चढला, पोटांत असह्य वेदना सुरू झाल्या. कांहीं दिवसांनीं पोट पुन्हां उघडलें, तेव्हां आंत शस्त्रक्रियेच्या वेळीं राहून गेलेला टॉवेल सांपडला. तो काढला, पण पू झाला होता. २४ जुलैला ती वारली. मूल दोन आठवड्यांचें होतें.

येथें तज्ज्ञ कशाला हवा? पोटांत टॉवेल आपण होऊन जात नाहीं. कायद्यांत अशा प्रसंगाला, वस्तुच स्वतःची साक्ष देते, असें म्हणतात. खालच्या कोर्टानें ३६,००० रुपयांचा हुकूमनामा केला. उच्च न्यायालयानें तो फिरविला. आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हां कायम केला. टॉवेल कोणाच्या हातून राहिला हें नेमकें सांगतां आलें नाहीं तरी सरकार जबाबदार आहे, रुग्णालय चालविणें हें कांहीं राजसत्तेचें असें खास काम नव्हे कीं सरकारनें त्याच्या आड लपावें, असा निर्णय झाला. पण त्या वर्षीं तें मूल बत्तीस वर्षांचें झालेलें होतें. एखादा दावा लावणारा वकील, तो वरच्या कोर्टांत लढविणारा वकील आणि त्याचा अखेरचा निकाल ऐकणारा वकील, हे तीन पिढ्यांचे तीन निराळे गृहस्थ असूं शकतात. वकीलपत्राचा कागद तेवढा पिंवळा होत जातो.

या दिरंगाईवर उपाय म्हणून ग्राहक न्यायालयांकडे लोकांचे डोळे लागले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत डॉक्टरांची सेवा येते कीं नाहीं, यावर बरींच वर्षें वाद चालला. डॉक्टरांच्या संघटनेचें म्हणणें असें कीं, वैद्यकी हा व्यवसाय आहे, दुकान नव्हे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पैसे घेऊन केलेला उपचार ही या कायद्याखालीं सेवाच आहे. कोर्ट-स्टांपाचा मोठा बोजा टळला; दाद मागणें पुष्कळ सोपें झालें. परंतु जेथें सर्वांनाच फुकट उपचार होतात, तें रुग्णालय त्यांतून वगळलें गेलें. म्हणजे ज्याच्यापाशीं पैसे होते त्याला जवळचा रस्ता मिळाला, आणि ज्याच्यापाशीं नव्हते त्याला दिवाणी कोर्टाचा तोच जुना लांबचा रस्ता उरला. ही वांटणी रोग्याच्या वकिलाला कधीं सुखाची वाटलेली नाहीं. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला; त्यांतहि तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. दुःखांत बुडालेल्या घराला दोन वर्षें हां हां म्हणतां निघून जातात, आणि मुदतीनंतर आलेल्या माणसाला विलंबाचें कारण पटवून देण्यांतच अर्धी शक्ति खर्च होते.

सगळेच दावे मृत्यूचे नसतात. दिल्लींतील एका चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित स्त्रीनें दुर्बिणीनें तपासणी करून घेण्यास संमति दिली. ती भुलेखालीं असतांना डॉक्टरांनीं बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची सही घेतली आणि गर्भाशय काढून टाकलें. डॉक्टरांचा हेतु वाईट होता असें कोणी म्हटलें नाहीं. रोग तसा होता, असेंच त्यांचें सांगणें होतें. जानेवारी २००८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, रोगी सज्ञान असतांना, आणि जिवाला तत्काळ धोका नसतांना, शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारावयास हवें होतें. आईची संमति ही तिची संमति नव्हे. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५,००० रुपये द्यावे लागले. आपल्याकडे रोग्याला न सांगतां त्याच्या वडीलधाऱ्यांना बाजूस घेऊन सर्व ठरविण्याची चाल आहे आणि ती मायेपोटीं आहे, हें खरें. म्हणूनच या निकालानें अनेक घरांत, आणि अनेक रुग्णालयांत, मंडळी जरा चमकलीं असतील.

या व्यवसायांत एक मोह मोठा आहे: फौजदारीचा. पोलिसांत फिर्याद दिली कीं डॉक्टर घाबरतो आणि तडजोडीला येतो, असा सल्ला देणारे वकील कांहीं कमी नाहींत. ऑगस्ट २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या मार्गावर अडसर घातला. लुधियानाच्या एका वृद्ध रोग्यासाठीं आणलेलें प्राणवायूचें नळकांडें रिकामें निघालें होतें, त्यावरून झालेलें हें प्रकरण. डॉक्टरला गुन्हेगार ठरवावयाचें तर हयगय ढोबळ, अक्षम्य अशी असली पाहिजे. आणि खासगी फिर्यादीच्या पाठीशीं दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचें मत असलें पाहिजे, असें न्यायालय म्हणालें. चांगल्या वकिलाला हा अडसर खुपत नाहीं. हातकडीच्या भीतीनें डॉक्टर अवघड रोगी हातींच धरीनासा झाला, तर उद्यां भोगावें लागतें तें त्याच्याच एखाद्या अशिलाला.

पैशाचा प्रश्न शेवटीं निघतोच. अमेरिकेंत असे दावे चालविणारे वकील भरपाईंतील ठराविक हिस्सा घेतात. हरले तर कांहीं घेत नाहींत. आपल्या देशांत वकिलाला असा हिस्सा ठरविण्याची बंदी आहे. ती बंदी नीतीला धरून आहे हें मान्य. परंतु तिचा परिणाम असाहि होतो कीं, गरिबाचा दावा हातीं घेणाऱ्या वकिलाला बहुधा पदरमोड करावी लागते. तो नामांकित होत नाहीं, त्याची मोटार वरचेवर बदलत नाहीं, आणि शहरांतील डॉक्टरमंडळी लग्नकार्यांत त्याला टाळतात. मात्र आपल्या घरीं कोणाचें कांहीं बिनसलें कीं तींच मंडळी रात्रीं टेलिफोन करतात.

भरपाईच्या रकमा आतां वाढल्या आहेत. हैदराबादचा एक विसांतला अभियांत्रिकी विद्यार्थी १९९० सालीं छातींतील गांठीच्या शस्त्रक्रियेनंतर दोन्ही पायांनीं अधू झाला. त्यानें चाकांच्या खुर्चींत बसून आपली बाजू सर्वोच्च न्यायालयापुढें स्वतःच मांडली, आणि मे २००९ मध्यें त्याला एक कोटि रुपये देण्याचा हुकूम झाला. कलकत्त्यांतील एका प्रकरणांत, जेथें १९९८ सालीं वारलेल्या स्त्रीचा पति स्वतः डॉक्टर होता, ऑक्टोबर २०१३ मध्यें पांच कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. पालशेतचा बाप डॉक्टर, कलकत्त्याचा पति डॉक्टर, हैदराबादचा विद्यार्थी स्वतः युक्तिवाद करणारा. मोठे विजय कोणाच्या वांट्याला आले, हें ज्याचें त्यानें पाहावें.

वकिलाच्या कपाटांत मात्र लढविलेल्या दाव्यांपेक्षां न लावलेल्या दाव्यांचीं बांडें अधिक असतात. शंभर माणसें येतात, त्यांतील बहुतेकांना त्याला ‘नाहीं’ म्हणावें लागतें. रोगच असाध्य होता, डॉक्टरांनीं करावयाचें तें केलें होतें. हें सांगणें जिंकण्याहून अवघड. तो कागद उलगडून समोरच्या आईला पान पान वाचून दाखवितो: येथें ताप चढला, येथें दुसरें औषध दिलें, येथें रात्रीं दोन वाजतां मोठ्या डॉक्टरांना बोलावलें आणि अडीचला ते आले. हें सर्व तिला रुग्णालयांत कोणी सांगितलेलें नसतें. ती पुन्हां विचारते, “अडीचला आले होते?” तो म्हणतो, “हो, येथें सही आहे.” ती त्या सहीवरून बोट फिरविते, कागद मागून घेते, पदराखालीं धरते, आणि फी किती म्हणून विचारते. तो नको म्हणतो.